अबरग्वेर्नची काठी

सोमवारी सकाळी साडेआठला ऑफिसच्या दारातल्या तपासणीच्या यंत्राने माझी पिशवी आत घेतली आणि बाहेर सोडली नाही. पट्टा थांबला. पडद्यापुढे बसलेला डेझमंड मान पुढे काढून बघत राहिला. या डेझमंडला मी अकरा वर्षं रोज नमस्कार करते आणि त्याच्याविषयी मला दुसरं काहीही माहीत नाही. "बाई, हे काय आहे?" त्याने विचारलं. पडद्यावर माझी छत्री, जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, आणि त्या सगळ्यांच्या खालून तिरका गेलेला हातभर लांबीचा काळा दांडा. मला ओळखता आलं नाही. कुणाची तरी पिशवी माझ्या नावावर खपतेय असंच क्षणभर वाटलं. मग डेझमंडने हातमोजे घालून माझा लोकरीचा कोट उचलला आणि त्याच्या घडीतून ती बाहेर काढली. पोलादी दांडा, एका टोकाला कडी, मधोमध पितळेची पट्टी, पट्टीवर कोरलेली दोन नावं : अबरग्वेर्न, ब्लाएनदू. माझ्या पाठीमागे रांग थांबली होती. "हत्यार आहे का?" डेझमंडने हळूच विचारलं, मला लाज वाटू नये म्हणून. "नाही," मी म्हणाले, "रेल्वे आहे."

खोटं नव्हतं ते. अबरग्वेर्न ते ब्लाएनदू सात मैलांची एकेरी वाट आहे, चिंचोळ्या रुळांची. पूर्वी पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी होती, आता आम्ही हौशी माणसं शनिवार-रविवारी चालवतो. त्या वाटेवर एकच काठी. ज्याच्या इंजिनात काठी त्यानेच निघायचं, काठी नसेल तर जागचं हलायचं नाही, मग समोर सात मैल रिकामे दिसत असले तरी. काठी एकच, म्हणून गाडी एकच, म्हणून टक्कर नाही. इतका साधा हिशेब दीडशे वर्षं चाललाय. आणि ती काठी माझ्या पिशवीत, बर्मिंगहॅममध्ये, डब्यातल्या सँडविचखाली. त्याच दिवशी दोन वाजता आमच्या जुन्या सिग्नलवाल्याची, इद्वलकाकाची रक्षा घेऊन गाडी निघायची होती.

फोन वाजला तेव्हा मी अजून तिथेच उभी होते. अल्विन, आमच्या संस्थेचा अध्यक्ष. "नेस्टा, काल शेवटच्या गाडीला तूच गार्ड होतीस ना? काठी कपाटात ठेवलीस ना? कपाट रिकामं आहे गं. ट्रेफोरने कोळशाचा ढीग उपसला, केबिन धुंडाळली, आता तो माझ्याकडे असा बघतोय की जणू मीच गिळली." काखेत कळसा म्हणतात तो असा. अध्यक्षापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे हुडकत होते आणि माझ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण संस्थेची सुरक्षा अधिकारी मी. "माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "तुझ्याकडे म्हणजे?" "बर्मिंगहॅमला." अल्विन पोट धरून हसत होता. "अगं होतं असं," तो म्हणाला. "होतं असं कधीकधी. दोनपर्यंत येशील ना?"

काठी हरवली तर नियमात दुसरी सोय आहे, पण त्या कागदावर सुरक्षा अधिकाऱ्याने जागेवर हजर राहून सही करायची असते. म्हणजे काठी असो वा नसो, जायचं मलाच होतं. आणि मला जायचं नव्हतं. "सोमवारी हिशेब तपासनीस येणार आहेत, रजा मिळायची नाही," असं मी काल अल्विनला सांगितलं होतं. तपासनीस गुरुवारी येणार होते. काल संध्याकाळी, गाडी लागल्यावर, ट्रेफोरने काठी माझ्या हातात दिली. एका हातात कंदील, दुसऱ्यात झेंड्या, काठी काखेत, अशी मी कपाटाकडे निघाले, तेवढ्यात टेग्वेनआत्या आडवी आली. इद्वलकाकाची बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, चपट्या टाचांचे बूट आणि पावसाळी टोपी. "उद्या दोन शब्द तू बोल, नेस्टा," ती म्हणाली. "त्याचा तुझ्यावर जीव होता. अल्विन बोलला तर लोक झोपतील." मी हो-नाही काहीतरी पुटपुटले. काखेतली काठी कोटासकट गुंडाळून पिशवीत कोंबली, कंदील आणि झेंड्या खाली ठेवल्या आणि मोटारीकडे पळाले. ती काठी माझ्या पिशवीत अशी गेली, पळताना.

मोटार घरी होती. नऊ पंचविसाच्या पश्चिमेच्या गाडीत मला खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर घेतली आणि वरून दोन्ही हात ठेवले. शहराच्या मागल्या भिंती, गोदामं, मग शेतं. मला झोप येत होती. गेलं वर्षभर मला सारखी झोप येते आणि झोपले की लागत नाही. इद्वलकाकाविषयी दोन शब्द. ते दोन शब्द सगळ्यांना पाठ आहेत : सदा आनंदी. वार्तापत्रात तेच छापलं, चर्चमधल्या पाद्र्याने तेच म्हटलं. आणि खरंच होतं ते. पंधराव्या वर्षी मोठ्या रेल्वेत हमाल म्हणून लागला, मग सिग्नलवाला झाला, चव्वेचाळीस वर्षांनी निवृत्त झाला आणि दुसऱ्या सोमवारी आमच्या छोट्या रेल्वेच्या दारात येऊन उभा राहिला. "काम द्या, नाहीतर बहीण मला घर पुसायला लावील." तेव्हापासून अबरग्वेर्नची केबिन त्याची. गाडी रिकामी आली तरी तो फलाटावर जाऊन स्टेशनचं नाव खणखणीत आवाजात पुकारायचा. का, विचारलं, तर म्हणायचा, "गाडीला आठवण नको? दिवसभर येरझाऱ्या घालून बिचारीचं डोकं फिरतं." ड्रायव्हरच्या हातात काठी देताना म्हणायचा, "घे. परत आण." लहानपणी आम्ही शाळेतून येताना त्याच्या तेव्हाच्या केबिनच्या पायऱ्यांवर बसायचो, तेव्हा मोठी रेल्वे अजून गावापर्यंत येत होती. तो आम्हाला खिशातली जवाच्या साखरेची गोळी द्यायचा, त्याच शब्दांत. घे, परत आण. गोळी परत कशी आणायची यावर आमचे वाद व्हायचे.

ही माणसं जवळून सोसायला फार कठीण असतात. कुणाला सांगवत नाही, पण आहे. माझी आई गेली त्या आठवड्यात मी शहरातून आले होते, चार रात्री जागून डोळे आत गेलेले, आणि इद्वलकाका फाटकाशी भेटला. टोपी काढून म्हणाला, "छान दिवस निवडला बघ तिने. आठवडाभर पाऊस, आणि आज ऊन." त्याला चांगलंच म्हणायचं होतं. आईला ऊन आवडायचं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं, दोघं एका बाकावर शिकलेली. पण त्या उन्हात उभं राहून मला त्याचा राग आला, असा राग की माझी मलाच भीती वाटली. मला तेव्हा रडणारं माणूस हवं होतं, आणि गावात तो एकच असा निघाला की ज्याला माझ्याबरोबर रडायचा हक्क होता आणि तो हसत होता. मी "हो ना" म्हणाले आणि आत गेले. तो राग तिथेच संपायला हवा होता. तो संपला नाही, मी तो जपून ठेवला, कामाला येईल म्हणून.

तो कामाला आला मागच्या जुलैत. एका जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी अख्खी गाडी घेतली होती. बाया टोप्या घालून, पुरुष टाय लावून, डब्यात केक. साडेबाराला गाडी निघायची, आणि काठी नाही. सकाळच्या फेरीनंतर ती इद्वलकाकाच्या हातात आली होती एवढं ट्रेफोरला आठवत होतं. इद्वलकाका जेवायला घरी गेलेला. फोन उचलत नव्हता. पाहुणे आधी हसले, मग घड्याळं बघू लागले, मग म्हातारा नवरदेव उन्हाने बाकावर आडवा झाला. शेवटी मीच मोटार घेऊन गेले. इद्वलकाका घरामागच्या वाफ्यात गुडघ्यांवर होता. लीकची, कांद्याच्या पातीसारख्या त्या जाड भाजीची रोपं लावत होता, आणि रोपांसाठी भोकं पाडत होता त्या काठीने. ओळीने चौदा भोकं, एकसारखी खोल, काठी पितळेच्या पट्टीपर्यंत बरोबर बुडवून पाडलेली. मी वाफ्याच्या कडेला उभी राहिले. त्याने वर बघितलं, माझ्या तोंडाकडे, मग हातातल्या वस्तूकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. तो चेहरा मी कुणाला सांगितलेला नाही. जेमतेम दोन श्वास, ज्यांत तो आनंदी नव्हता. तो घाबरला होता. कशाला, ते मला कळलं, माझ्या आजोबांचं तसंच सुरू झालं होतं. मग त्याने काठी बाहीला पुसली, कडीतली माती नखाने काढली आणि म्हणाला, "अगं, एक मात्र आहे. ही माझ्या हातात असेपर्यंत त्या रुळांवर माशीसुद्धा मेली नसती."

आणि ते खरं होतं. हेच तर मला ठाऊक होतं, इतर कुणापेक्षा जास्त. काठी चुकीच्या इंजिनाला दिली तर माणसं मरतात. काठी काखेत मारून घरी नेली तर फक्त गाडी उभी राहते. रेल्वेतल्या सगळ्या चुकांत ही सगळ्यांत निरुपद्रवी चूक. एक तास चाळीस मिनिटं आणि थोडा वितळलेला केक, एवढंच नुकसान. त्याला एक माणूस जोडीला दिला असता की भागलं असतं. समितीत अल्विन तेच म्हणत होता, ट्रेफोरही. मीच नाकाने कांदे सोलत बसले. प्रवाशांची सुरक्षितता, विम्याच्या अटी, नियमावलीचं अमुक कलम. सगळे थकले आणि म्हणाले, मग तूच मसुदा कर. मी केला. पत्रावर सही अल्विनची, पण वाक्य माझं, आणि त्या वाक्यावर मी एक संध्याकाळ खर्च केली होती, दोनदा शब्द बदलले होते. "वय आणि वाढते विस्मरण लक्षात घेता, यापुढे त्यांच्या हाती काठी देणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे होईल, असे खेदाने नमूद करावे लागत आहे." तेच वाक्य मी केबिनच्या नोंदवहीतही उतरवलं. खेदाने, असं लिहिताना मला खेद वाटत नव्हता. हलकं वाटत होतं. आईच्या फाटकापाशी आलेलं काहीतरी परत दिल्यासारखं.

पुढच्या शनिवारी तो आला. टोपी तीच, टोपीवरचा बिल्ला काढलेला. फलाटावरच्या बाकावर बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला हात केला, मला खिशातली गोळी दिली. "घे," म्हणाला. परत आण म्हणाला नाही, किंवा म्हणाला असेल आणि इंजिनाच्या वाफेत मला ऐकू आलं नसेल. ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी तो त्या बाकावर होता. मी गार्ड असले की शेवटच्या डब्याकडे जाताना पलीकडच्या बाजूने जायची. हिवाळ्यात गाड्या बंद असतात. फेब्रुवारीत तो गेला, झोपेत, सकाळी. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर, आता त्या पत्राविषयी त्याला कुणी विचारणार नाही.

गाडी कुठल्याशा शेतात वीस मिनिटं थांबली. समोरची बाई फोनवर कुणालातरी सांगत होती की मुलाला ताप आहे तर शाळेत पाठवू नकोस. मी काठी पिशवीतून थोडी वर काढून बघितली. कडीच्या सांध्यात अजून काळी माती होती. नखाने निघाली नाही. मला वाटलं, पुढच्या स्टेशनावर उतरावं, पोस्टाने पाठवावी. मग वाटलं, उतरायलाही उठावं लागतं.

अल्विन मोठ्या स्टेशनावर मोटार घेऊन उभा होता. अबरग्वेर्नला पोचलो तेव्हा दोन वाजायला वीस मिनिटं होती. इंजिन वाफेवर होतं, मागे एकच डबा, तीसेक माणसं फलाटावर काळ्या कोटांत, हातात कागदी पेल्यांतला चहा. रेल्वेतल्या माणसाची रक्षा इंजिनाच्या भट्टीत टाकतात. चढावाच्या पायथ्याशी भट्टीचं दार उघडून फावड्याने कोळशाबरोबर आत, आणि मग वर धूर होतो तो त्याचा. इद्वलकाकाने तसं लिहून ठेवलं होतं, आणि खाली, 'कोळसा ओला नको.' टेग्वेनआत्या त्याच्या बाकावर बसली होती, मांडीवर बिस्किटांच्या जुन्या डब्यात तो. मला बघून लोक हसले, टाळ्या वाजवल्या. ट्रेफोर इंजिनातून ओरडला, "आली बघा, शहरात काठीला फिरवून आणली." कुणी म्हणालं, "इद्वल हसत असेल." सगळे खूष होते. माझ्या चुकीने त्यांचा दिवस सोपा करून टाकला होता. मी टेग्वेनआत्यापुढे उभी राहिले आणि उशीर झाला म्हणाले. ती म्हणाली, "उशिराचं काय. तो साठ वर्षं पाचला उठायचा, अलार्मशिवाय. मी शिव्या द्यायची, किटलीच्या आवाजाने माझी झोप मोडते म्हणून. ते पत्र आलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नऊला उठायला लागला. किटली मीच ठेवायची. मी म्हटलं, बरं झालं बाई, आता तरी झोपायला मिळेल." तिने डब्याचं झाकण नीट बसवलं. "मिळालं नाही."

आमच्याकडे पहिल्यापासूनची रीत आहे. काठीच्या बाबतीत काही वावगं झालं की ते नोंदवहीत लिहायचं आणि लिहिणाऱ्याने गाडी सुटण्यापूर्वी ड्रायव्हरपुढे मोठ्याने वाचायचं, मग ड्रायव्हर सही करतो. अल्विनने वही आणली, पेन दिलं. "'चुकून पिशवीत राहिली' एवढं लिही आणि सोड," तो म्हणाला. "होतं असं." हे दोन शब्द त्या दिवसात तिसऱ्यांदा. मी वहीची पानं मागे उलटली. जुलैतली नोंद सापडायला वेळ लागला नाही, अक्षर माझंच. इंजिनाच्या पायरीवर वही टेकवून मी लिहायला लागले, मागचं पान बघत नव्या पानावर, एकेक शब्द, फक्त 'त्यांच्या'च्या जागी माझं नाव. अल्विन खांद्यावरून वाचत होता. "अगं नेस्टा," तो हळू आवाजात म्हणाला, "इतकं लिहायची काही गरज नाही."

"मागच्या वेळी होती," मी म्हणाले.

मग मी वाचलं. मला दोन शब्द बोलायचे होते, हेच होते ते. आवाज नीट निघाला, ऑफिसातल्या बैठकीत निघतो तसा. "वय आणि वाढते विस्मरण लक्षात घेता, यापुढे नेस्टा प्रोबर्ट हिच्या हाती काठी देणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे होईल, असे खेदाने नमूद करावे लागत आहे." पहिल्या शब्दांना दोघंतिघं हसले, गंमत वाटून. मग कुणी हसलं नाही. ट्रेफोरने सही न करता पेन हातात धरून ठेवलं. टेग्वेनआत्या बाकावरून उठली. डबा छातीशी धरून सावकाश आली आणि माझ्यासमोर थांबली. आता ती काय म्हणेल ते म्हणू दे, एवढंच माझ्या मनात होतं, मी फार दमले होते.

"त्याने ते पत्र मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, टेग्वेन, हे अल्विनचं नाही. अल्विनला दोन ओळींचं वाक्य पेलत नाही. हे नेस्टाचं आहे. आईसारखी लिहिते."

मी म्हणाले, "मग तो बोलला का नाही?"

"मी विचारलं ना. म्हटलं, जा की, तोंडावर विचार पोरीला. तर म्हणाला, तिला माझं काहीतरी परत करायचं असेल." तिने पावसाळी टोपीच्या काठाखालून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो ती लपवत नव्हती, मला ते बरं वाटलं. "मी तशी नाही हो. मी तुला माफ वगैरे करायला आलेली नाही. ते लीक अजून वाफ्यात उभे आहेत, चौदाच्या चौदा, माझ्याच्याने उपटवत नाहीत. कधीतरी येऊन काढून ने. आता काठी दे त्याला, कोळसा जळतोय फुकट."

मी काठी कोटाच्या बाहीला पुसली. ट्रेफोर इंजिनातून वाकला आणि त्याने हात पुढे केला. घेताना तो थांबला, पितळेवर बोटं ठेवून, कारण त्या फलाटावर काठी कधी मुक्याने दिली गेलेली नाही. सगळे थांबले होते. माझ्या तोंडात जुन्या गोळीची चव आली. "घे," मी म्हणाले. काठी सोडली. "परत आण."

माणसं डब्यात चढली. टेग्वेनआत्या इंजिनात, ट्रेफोरच्या शेजारी, डबा मांडीवर. कुणी मला चल म्हणालं नाही आणि कुणी चलू नको म्हणालं नाही. आता मी गार्ड नव्हते, माझ्याच लेखणीने. गाडी वळणापलीकडे गेली, मग चढाच्या पायथ्याशी थोडी थांबल्याचं आवाजावरून कळलं, आणि झाडांच्या वर धूर आला, आधी पांढरा, मग काळपट, मग पुन्हा पांढरा. मी स्टेशनचं नाव पुकारावं असं वाटलं, पण गाडी येत नव्हती, जात होती. मी त्याच्या बाकावर बसले. काठी वर ब्लाएनदूला गेली होती. ती परत येईपर्यंत या सात मैलांत दुसरं काही हलणार नव्हतं आणि कुणाचं काही वाईट होणार नव्हतं. तास-दीड तास होता. पहिल्यांदाच मी रडले, आईसाठीसुद्धा, आणि स्वच्छ ऊन पडलं होतं.